न जळलेलं हॉटेल

१८७१ साली दोन हॉटेलं सुरू झाली. एक न्यूयॉर्क राज्यात, वुडस्टॉक गावामागच्या डोंगरावर. त्याचं नाव ओव्हरलुक माउंटन हाउस आणि बांधणी लाकडी. दुसरं मुंबईत, एस्प्लनेडच्या मैदानाकडेला. ते वॉटसनचं आणि लोखंडी. डोंगरावरचं हॉटेल चार वर्षांतच जळालं. ते पुन्हा उभारलं गेलं, पुन्हा लाकडातच, आणि १९२०च्या दशकात तेही आगीत गेलं. तेव्हा कुठे मालकानं काँक्रीटची कास धरली, पण ते काम पुरं झालं नाही. बिनछपराचा तो सांगाडा झाडीत अजून उभा आहे.

ओव्हरलुक ज्या कॅट्सकिल डोंगरांत होतं, तिथल्या हवा खाण्याच्या गावांचा इतिहास बराचसा असाच आहे. हॉटेल काटर्सकिल १८८१मध्ये जॉर्ज हार्डिंग नावाच्या फिलाडेल्फियाच्या वकिलानं शेजारच्या जुन्या हॉटेलाची जिरवायला बांधलं. ते १९२४च्या सप्टेंबरात जळालं. ते शेजारचं जुनं, म्हणजे १८२४पासूनचं कॅट्सकिल माउंटन हाउस, मात्र आगीला पुरून उरलं. शेवटी २५ जानेवारी १९६३ला पहाटे राज्य सरकारच्या संवर्धन खात्यानंच पडीक आणि धोकादायक म्हणून त्याला काडी लावली.

इतिहास लिहिणाऱ्याची यात एक सोय असते. आगीला तारीख असते. आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ती येते, विमा कंपनीकडे दावा जातो आणि किती खोल्या, किती नुकसान याचा हिशेब कागदावर उतरतो. आग लागण्याआधीही तिच्या भीतीनं कागद तयार होतातच. डी. ए. सॅनबॉर्न यानं १८६७मध्ये विमा कंपन्यांसाठी नकाशे काढण्याचा धंदा सुरू केला. भिंत विटेची की लाकडाची, छप्पर कशाचं, पाण्याचा नळ कुठे, हे सगळं त्या नकाशांत रंगांनी आणि खुणांनी दाखवलेलं असे. जळून नाहीशी झालेली अमेरिकी गावं त्यांच्या आधारे आज घर न् घर कागदावर उभी करता येतात.

सॅनबॉर्नचा धंदा सुरू झाला त्याच साली, १८६७मध्ये, मुंबईत वॉटसनच्या हॉटेलाचं काम सुरू झालं. हे हॉटेल कधी जळालं नाही. काळा घोडा चौकात, जहांगीर कलादालनासमोरच्या बाजूला, त्याची इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावानं आपल्या काळापर्यंत टिकली. पण ‘हॉटेल अमुक दिवशी संपलं’ असं सांगणारी एक तारीख तिच्या वाट्याला आली नाही. जन्माचे कागद भरपूर, ऐन उमेदीचेही बरे, आणि अखेरचे मात्र भाडेपावत्या, नोटिसा आणि कोर्टाचे आदेश. म्हणून या हॉटेलाची कथा कागदावरून मांडताना सुरुवात सोपी जाते आणि शेवट अवघड.

गंमत अशी की न जळलेल्या या हॉटेलाच्या जमिनीची गोष्ट मुळात एका आगीपाशी जाऊन भिडते. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात, दाट बाजाराच्या भागात, आग लागली आणि वाऱ्यानं ती पसरली. तटबंदीच्या आतल्या शहराचा जवळपास एक तृतीयांश भाग जळाला. तेव्हा जोनाथन डंकन गव्हर्नर होता. कोटात पुन्हा अशी दाटी होऊ द्यायची नाही, लोकांनी बाहेर वसावं, हे धोरण त्या आगीनंतर जोरात आलं. मधलं मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं राखलेलं होतंच. त्याच्या पलीकडे नवं शहर वाढत गेलं आणि मैदान दोन शहरांच्या मध्ये रिकामं पडून राहिलं. एस्प्लनेड ते हेच.

साठ वर्षांनी सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला, १८६२मध्ये. कोटाचे तट निरुपयोगी झाले होते आणि नगरीत पैसा मावत नव्हता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, दक्षिणेचा कापूस अडलेला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर चालत होत्या. तट पाडले, जागेचे तुकडे केले, लिलाव मांडले. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३चं, म्हणजे अगदी याच उंबरठ्यावरचं. मुंबई तोपर्यंत कशी होती हे त्यात सापडतं. त्यानंतर काय झालं ते शोधायला लिलावांच्या आणि भाडेपट्ट्यांच्या दप्तराकडे वळावं लागतं.

त्या दप्तरातला आपला माणूस जॉन हडसन वॉटसन. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कंबरलंडचा, मुंबईत कापडाचा आणि शिवणकामाचा व्यापारी. मैदानाकडेचे भूखंड त्यानं तेजीच्या दिवसांत घेतले. तेजी १ जुलै १८६५ला फुटली. शेअर म्हणजे रद्दी झाली, बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंदांसारखा बडा शेअरदलाल झोपला. वॉटसन मात्र तगला. भाडेपट्ट्यावर तारीख आहे २६ ऑगस्ट १८६७ आणि मुदत आहे ९९९ वर्षं. म्हणजे कागदोपत्री ही गोष्ट २८६६पर्यंत चालायची आहे! मंदीत भल्याभल्यांनी हात आखडले असताना या कापडवाल्यानं एवढी मोठी इमारत काढली, यावरून त्याच्या धंद्याचा पाया शेअरबाजारात नव्हता एवढं तरी नक्की म्हणता येतं. मूळ बेत आपल्या दुकानाचा आणि कचेरीचा होता. हॉटेल ही पुढची कल्पना.

आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या अभियंत्यानं. हा वास्तुविशारद नव्हे, लोखंडाचा माणूस. लंडनच्या १८५१च्या क्रिस्टल पॅलेसच्या नकाशांवर त्यानं काम केलं होतं. सेंट पँक्रस स्टेशनच्या छताच्या कामात त्याचा हात होता, आणि पुढे चेल्सीचा अल्बर्ट पूलही त्याच्याच नावावर लागला. वॉटसनच्या इमारतीचे ओतीव लोखंडी भाग डर्बीच्या फीनिक्स फाउंड्रीत तयार झाले, जहाजांतून मुंबईला आले आणि इथे जोडले गेले. जोत्यासाठी लाल दगडसुद्धा वॉटसननं आपल्याच मुलखातून, पेनरिथहून आणवला. आजूबाजूला मालाडच्या पिवळसर दगडात सरकारी आणि धर्मादाय इमारती उठत होत्या, त्यांत हे लाल जोतं आणि वरची लोखंडी चौकट विजोडच दिसली असणार. त्या काळच्या एका वर्णनात या इमारतीला जमिनीतून एकाएकी वर आलेला पिंजरा म्हटलं आहे. चेष्टा असली तरी निरीक्षण अचूक आहे. भार सगळा खांबांवर आणि तुळयांवर. भिंती केवळ पोकळी भरण्यापुरत्या. बांधकामाच्या इतिहासात या इमारतीला मोल आहे ते यामुळे. इंग्लंडमधल्या शीअरनेसच्या आरमारी गोदीतलं अशाच चौकटीचं बोटींचं कोठार हिच्या आधीचं आहे, फ्रान्समधल्या न्वाझिएलचा मनिए चॉकलेट कारखाना थोडा नंतरचा. या दोन्ही ठिकाणी माणसं कामाला जात. वॉटसनच्या पिंजऱ्यात माणसं राहायला गेली.

लोखंड म्हणजे आगीपासून अभय, अशी त्या शतकाची समजूत होती. ती फारशी खरी नव्हती. ओतीव लोखंड तापल्यावर त्यावर पाणी पडलं की तडकतं, आणि आत लाकडी फरशी असेल तर चौकट आगीला आडकाठी करत नाही. क्रिस्टल पॅलेस सिडनहॅमला हलवल्यावर तिथेच ३० नोव्हेंबर १९३६च्या रात्री जळून खाक झाला. ऑर्डिशच्या हाताखालून गेलेल्या या दोन वास्तूंपैकी लंडनची आगीत गेली आणि मुंबईची राहिली. यात अभियांत्रिकीपेक्षा दैवाचा भाग जास्त, असं माझं मत आहे.

सांगाडा १८६९पर्यंत उभा राहिला, पाहुणे १८७१पासून. मधल्या काळात जग वॉटसनच्या बाजूनं वळलं. नोव्हेंबर १८६९मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, मार्च १८७०मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. विलायतेहून निघालेला माणूस आता आधी मुंबईत उतरे आणि मग आगगाडी पकडे. त्याला दोन-चार रात्रींची सोय हवी असे. मुंबई कधी हवा खाण्याचं ठिकाण नव्हती. मे महिना आला की इथलेच साहेब माथेरान-महाबळेश्वर गाठत. वॉटसनचं हॉटेल जहाज आणि गाडी यांच्या मधल्या थांब्यावर जगलं. पाच मजले, सुमारे १३० खोल्या, प्रत्येक मजल्याला बाहेरून सज्जा, मध्ये काचेच्या छताखालचा नाचघराचा चौक, वाफेवर चालणारा पाळणा. इंग्रज मुली वाढपाला ठेवल्या होत्या. त्यावरून एक विनोद चाले की वॉटसननं एवढं सगळं मागवलं, तर विलायतेची हवाही मागवायची होती.

हॉटेलाच्या आतलं सगळ्यात जिवंत वर्णन मिळतं ते एका चिडलेल्या, खोकणाऱ्या पाहुण्याकडून. मार्क ट्वेन जानेवारी १८९६मध्ये मुंबईत उतरला. कर्जबाजारी होता, फेडीसाठी जगभर व्याख्यानं देत फिरत होता. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सज्ज्यावरच्या कावळ्यांवर एक अख्खी लांबलचक करामत आहे, आणि पहिल्या नोकराला काढून दुसरा ठेवल्यावर त्याचं नाव त्यानं ‘सैतान’ ठेवल्याची कथा आहे. लोक हेच लक्षात ठेवतात. पण इतिहासाच्या दृष्टीनं कामाचा उतारा वेगळा आहे. खोलीचं दार नीट करायला एक धिप्पाड जर्मन आला, सोबत काही देशी नोकर. एकाचं काम मनासारखं झालं नाही तेव्हा जर्मनानं काही न सांगता त्याच्या थोबाडीत लगावली. नोकरानं ती मुकाट्यानं खाल्ली. ट्वेन लिहितो की त्या क्षणी आपण मुंबईतून उचलले जाऊन मिसूरीत, लहानपणीच्या गुलामीच्या मुलखात पोचलो. तिथे एका मालकानं आपल्या गुलामाला खनिजाचा दगड फेकून मारल्याचं त्यानं पाहिलं होतं.

हॉटेलात कोणाला प्रवेश होता आणि कोणाला नव्हता, यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक ऐकीव. ट्वेनचा हा परिच्छेद मात्र डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा आणि प्रसंगाच्या दोन वर्षांच्या आतला आहे. आत असलेल्या देशी माणसाची जागा काय होती ते त्यावरून कळतं, आणि दारावरच्या कुठल्याही पाटीपेक्षा ते जास्त सांगतं.

१८९६मध्येच, ७ जुलैला, मंगळवारी, हॉटेलाचं नाव कायमचं इतिहासात गेलं. पॅरिसला लुमिएर बंधूंनी चलच्चित्रांचा खेळ दाखवल्याला जेमतेम सहा महिने झाले होते. त्यांचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता, वाटेत मुंबईत थांबला आणि वॉटसनमध्ये त्यानं तो खेळ लावला. पुरावा आहे तो टाइम्स ऑफ इंडियातल्या जाहिरातीचा. संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत चार खेळ, तिकीट एक रुपया. कार्यक्रमात गाडी स्थानकात येते, कामगार कारखान्यातून बाहेर पडतात, भिंत पाडली जाते, समुद्रस्नान चालतं, अशी एकेका मिनिटाची सहा चित्रं. बाहेर पावसाळ्याचे दिवस.

या प्रयोगाबद्दल नेहमी सांगतात की तो फक्त गोऱ्यांसाठी होता. जाहिरात इंग्रजी पत्रात होती, दर रुपया होता, आणि रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची मजुरी. एवढ्यानंच प्रेक्षक निवडले जातात. जाहिरातीवरून मनाईचा हुकूम सिद्ध होत नाही, गाळणी मात्र सिद्ध होते. आणि ती गाळणी आठवड्यातच सैल झाली. १४ जुलैपासून खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, तिथे तिकीट चार आण्यांपासून ठेवलं, पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या जागा केल्या. भारतीय सिनेमाची सुरुवात वॉटसनमध्ये झाली असं म्हणण्याची पद्धत आहे. प्रेक्षकाची सुरुवात नॉव्हेल्टीत झाली असं मी म्हणेन. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी हे नवं यंत्र पाहून विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९मध्ये मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. या मराठी माणसाला छायाचित्रणाचा धंदा आधीपासून येत होता, म्हणून हे इतक्या लवकर झालं.

१८९६च्याच सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगास यांना मांडवीत प्लेगचे रोगी सापडले. शहर ओस पडलं, बोटी रिकाम्या येऊ लागल्या. १८९६च्या एकाच वर्षात ट्वेन, सिनेमा आणि प्लेग. हॉटेलाचा उतार इथून मोजावा असं कागद सुचवतात. १६ डिसेंबर १९०३ रोजी अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडलं, विजेच्या दिव्यांसह, समुद्राकडे तोंड करून, आणि वॉटसनचा लोखंडी पिंजरा एका रात्रीत जुनाट ठरला.

इथे ती सुप्रसिद्ध गोष्ट येते. जमशेटजी टाटांना वॉटसनच्या दारात अडवलं, अपमान झाला, म्हणून त्यांनी ताज बांधलं. मुंबईच्या प्रत्येक वाटाड्याच्या तोंडी ही आहे. तिला समकालीन कागदाचा आधार नाही. कोणी वॉटसनऐवजी पाइकच्या अपोलो हॉटेलाचं नाव घेतं, आणि अपमानाची जागाच बदलत असेल तर साक्ष डळमळते. उलट जमशेटजींना जवळून ओळखणाऱ्या टाइम्सच्या संपादकांकडून जे येतं त्यात कारण वेगळं आहे. प्लेगनं शहराचं नाव गेलं होतं, मुंबईला शोभेल असं हॉटेल नव्हतं, आणि जमशेटजींचा मुंबईवर जीव होता. जिना तरुणपणी वॉटसनमध्ये बिलियर्ड खेळत, अशीही एक आख्यायिका आहे. दोन्ही आख्यायिका एकत्र ठेवल्या तर एकीत देशी माणसाला दार बंद आहे आणि दुसरीत तो आत बसून खेळतो आहे. दोन्हींचा कागद सारखाच, म्हणजे कोरा. तरीही टाटांची गोष्ट मरत नाही, कारण ती जे सांगते तसं त्या काळात इतरत्र रोज घडत होतं. घडू शकलं असतं हे मान्य. घडलं असं लिहिण्याला मात्र साधार म्हणता येणार नाही.

विसाव्या शतकात इमारतीचे मालक बदलले, नाव बदललं. काही काळ महेंद्र मॅन्शन, मग एस्प्लनेड मॅन्शन. समोर न्यायालयं असल्यामुळे वकिलांना हवीच होती अशी जागा. मोठ्या खोल्यांना आडव्या भिंती घातल्या, सज्जे बंद करून त्यांतही टेबलं मांडली, नाचघराचा चौक सामानानं भरला. पाहुण्याचा भाडेकरू झाला तो असा, खोली-खोलीनं. यामागचा कायदाही आहे. १९४७चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. त्याच्या पूर्ण नावात भाड्याबरोबर ‘हॉटेल आणि निवासगृहांचे दर’ हेही शब्द आहेत. युद्धानंतरच्या टंचाईत तो गरजेचाच होता. भाडं गोठलं, भाडेकरू सुरक्षित झाला आणि मालकाला लोखंडाला रंग लावण्यातही फायदा दिसेना. समुद्राकाठी लोखंडाला रंग न लावणं म्हणजे काय, हे कोळीवाड्यातलं पोरही सांगेल.

आगीसारखा एक दिवस इथे सापडत नाही. १९९५च्या वारसा नियमांनी इमारतीला दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत घातलं. जून २००५मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं तिचं नाव जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंत घेतलं, आणि काही दिवसांतच पावसात पुढच्या बाजूच्या सज्ज्यांचा भाग कोसळून माणसाचा जीव गेला. २०१८मध्ये पुन्हा सज्जा पडला. २०१९मध्ये भाडेकरूंना बाहेर काढलं गेलं. मुंबईच्या आयआयटीनं तपासणी करून इमारत पाडावी असं मत दिलं. वारसा जपणाऱ्यांच्या बाजूच्या अभियंत्यांनी चौकट वाचवता येते असं सांगितलं.

या वादात दोन्ही बाजू गंजाबद्दल बोलल्या. मला ऑर्डिशचे नकाशे मध्ये आणावेसे वाटतात. ही इमारत सुट्या भागांची आहे. डर्बीला ओतून, जहाजात घालून इथे आणली आणि जोडली. तेव्हा ती खांबाखांबानं उतरवून, सडलेला तुकडा तसाच पुन्हा ओतून परत जोडणं हे तिच्या जातीला धरून आहे. दगडी चर्चबाबत असं म्हणता येणार नाही. खर्च कोणी करायचा हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर १८६७च्या भाडेपट्ट्यात नाही, १९४७च्या कायद्यात नाही, आणि १९९९च्या नव्या भाडेकायद्यातही नाही.